ज्या वाडीची तक्रार नाही, ती वाडी मॉडेलला दिसत नाही

नमस्कार. मे महिना लागला की कोकणातल्या वीज उपविभागांपुढे नेहमीचा पेच असतो. पावसाआधी फांद्या छाटायच्या, तडकलेले इन्सुलेटर बदलायचे, पण जनमित्र (लाइनमन) मोजके. मग आधी कुठली वाहिनी (उपकेंद्रातून निघणारी वीजलाइन) घ्यायची?

इथे मशीन लर्निंग खरंच कामाला येतं. म्हणजे जुन्या नोंदींवरून अंदाज बांधायला शिकणारा संगणक प्रोग्राम, त्यालाच मॉडेल म्हणतात. मागच्या वर्षांच्या बिघाडांच्या नोंदी, हवामान, वाहिनीची लांबी, खांबांचं वय हे सगळं मॉडेलला द्यायचं. ते प्रत्येक ११ केव्ही वाहिनीची बिघडण्याची शक्यता काढतं आणि क्रम लावून देतं.

पण किनाऱ्यावर एक गोष्ट वेगळी असते, ती म्हणजे मीठ. खाऱ्या वाऱ्याने इन्सुलेटरवर थर बसतो. थर कोरडा असेपर्यंत फारसा त्रास नाही, आणि मुसळधार पाऊस तो धुऊनच नेतो. घात होतो तो मधल्या वेळी. महिनोन्महिने कोरडे गेल्यावर आलेली भुरभुर किंवा पहाटेचं दव मीठ ओलं करतं, वीज पृष्ठभागावरून झिरपते, ठिणगी पडते आणि वाहिनी ट्रिप होते. म्हणून मॉडेलला नुसते पावसाचे मिलिमीटर दिले तर ते फसतं. शेवटचा मोठा पाऊस होऊन किती दिवस झाले, आणि समुद्र किती लांब आहे, हे रकाने वेगळे द्यावे लागतात.

विजेच्या मागणीचंही तसंच. गणेश चतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला. चाकरमान्यांनी बंद घरं उघडली की रोहित्रावरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) भार एकदम चढतो. नुसती तारीख दिलीत तर मॉडेल भरल्या घराची तुलना रिकाम्या घराशी करत बसेल. चतुर्थीला किती दिवस उरले, ते द्या.

आणि 'अचूकता ९५ टक्के' असं कुणी सांगितलं तर थांबा. समजा, एखादी वाहिनी वर्षातून १८ दिवस बिघडते. रोज 'आज काही होणार नाही' एवढंच म्हणणारं मॉडेलही ९५ टक्के बरोबर ठरतं, आणि कवडीच्या उपयोगाचं नसतं. विचारायचं ते हे, की झालेल्या बिघाडांपैकी किती आधी सांगितले?

आता मुख्य मुद्दा. उपकेंद्रातला ब्रेकर पडला तर त्याची नोंद होतेच. पण फाट्यावरच्या रोहित्राचा डीओ (ड्रॉप-आउट) फ्यूज, म्हणजे उडाला की खाली लटकणारा फ्यूज, उडाला तर बहुतेक वेळा ब्रेकर जागचा हलत नाही. उपकेंद्राच्या लेखी वाहिनी चालू, आणि वाडी अंधारात. घरांना वीज देणाऱ्या लघुदाब लाइनच्या तीन फेजपैकी एकच गेला तर बऱ्याच घरांत दिवे असतात, पण नळपाणी योजनेचा तीन फेजचा पंप चालत नाही. तो तसाच रेटला तर मोटर जळते. स्मार्ट मीटर नसलेल्या भागात असे बिघाड कागदावर येतात ते कुणी तक्रार केली तरच.

तक्रार करायची कुणी? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, सिंधुदुर्गात १०३६. पुरुष मुंबईला, घर बाईच्या अंगावर. पंप बंद पडला की हंडा घेऊन विहिरीवर तीच जाते. वीजजोडणी मात्र अनेकदा सासऱ्यांच्या नावावर, आणि ग्राहक क्रमांकाला जोडलेला मोबाईल मुंबईत. तक्रार होतच नाही. मॉडेल त्या वाडीपुढे शून्य लिहितं, वाडी दुरुस्तीच्या यादीत तळाला जाते, फांद्या तशाच राहतात.

लोकसभेत २०२४ ला ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या. महाराष्ट्राच्या पंचायतींत मात्र २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. शिवाय नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यावी, असं आपल्या कायद्यातच आहे. कित्येक ठिकाणी ती सह्यांपुरती उरकतात, आणि हे आम्हाला मनापासून खटकतं. ही हरवलेली नोंद भरून काढायला याहून चांगली जागा नाही.

(पडद्यावर वहीचं पान)

सरपंचताई, सदस्यताई, वाडीला एक वही ठेवा. रकाने असे: तारीख, वीज गेली ती वेळ, आली ती वेळ, रोहित्राचा क्रमांक, एकच घर की सगळी वाडी, पंप चालू की बंद, हवा कशी होती (दव, भुरभुर, वारा, गडगडाट), १९१२ वर केलेल्या तक्रारीचा क्रमांक. डीओला हात कुणीही लावायचा नाही, ते जनमित्राचं काम. महिला सभेत वही वाचा, आणि ठराव ग्रामसभेतून उपविभागीय अभियंत्याकडे पाठवा. ठरावात दोनच मागण्या: घरात राहणाऱ्या बाईचा मोबाईल ग्राहक क्रमांकाला जोडावा, आणि बिघाड वाहिनीवार नव्हे, रोहित्रवार मोजावेत.

वेळ लिहिताना एक चूक हमखास होते. दुपारी गेलेली वीज संध्याकाळी दिवा लावताना कळते आणि वहीत 'सात' पडतात. मग मॉडेल शिकतं की बिघाड सातलाच होतात. वेळ नक्की माहीत नसेल तर दोन वेळा लिहा: शेवटची चालू पाहिली ती, आणि बंद दिसली ती.