जामीन कोण? : मुंबईच्या सहकारी बँकांची गोष्ट

(दृश्य : टेबलावर कर्जाच्या अर्जाचा जुना नमुना. कॅमेरा सह्यांच्या रकान्यांवर स्थिरावतो.)

सहकारी बँकेच्या विनातारण कर्जाच्या अर्जावर अर्जदाराच्या सहीखाली आणखी दोन सह्यांची जागा राखलेली असते. या सह्या जामीनदारांच्या. अर्जदाराने हप्ता चुकवला तर तो आम्ही भरू, असे लिहून देणारी ही माणसे बहुधा त्याच कचेरीत शेजारच्या टेबलावर बसणारी, त्याच चाळीत राहणारी, नाहीतर सोयरिकीतली असत. ज्याच्याकडे गहाण टाकायला ना जमीन आहे ना सोने, त्याच्यासाठी सही करायला निदान दोन माणसे तरी पुढे येतील, या एका गृहीतावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी या शहरात बँका उभ्या राहिल्या. ते गृहीत पुष्कळदा खरे ठरले, आणि जिथे त्याने दगा दिला तिथे तो फार महागात पडला.

मुंबईच्या बँकांना जन्म देणारा कायदा मुळात मुंबईसाठी केलेलाच नव्हता, ही गंमत आधी सांगायला हवी. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. तेव्हापासून शेतकऱ्याला सावकाराच्या पाशातून कसे सोडवायचे, हा प्रश्न सरकारदरबारी घोळत होता. १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा हे त्या प्रश्नाचे उशिरा आलेले उत्तर होते. त्यापूर्वीच, १८८९ मध्ये, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी ‘अन्योन्य सहकारी मंडळी’ सुरू केली होती. तिच्यामागे कोणताही कायदा नव्हता, होता तो फक्त एकमेकांवरचा विश्वास. १९०४ च्या कायद्याने गावाबरोबर शहरातही पतसंस्था काढण्याची मुभा दिली आणि सभासद कोण असावेत, याचीही व्याख्या केली : एकाच गावचे किंवा शहराचे रहिवासी, अथवा एकाच जमातीचे, वर्गाचे वा जातीचे लोक. संस्थेतली माणसे एकमेकांना ओळखणारी असावीत, एवढाच त्यामागचा हेतू असावा. परंतु मुंबईतल्या जुन्या सहकारी बँकांच्या नावांत ज्ञातींची नावे का आढळतात, याचा उलगडा या एका कलमात होतो.

(दृश्य : गामदेवी. जुन्या इमारतींचे लाकडी जिने, अरुंद गॅलऱ्या.)

विसाव्या शतकाच्या आरंभी, आजच्या कर्नाटकाच्या किनाऱ्यावरच्या कानडा जिल्ह्यातून चित्रापूर सारस्वत समाजातील पुष्कळ कुटुंबे मुंबईत येऊन स्थिरावत होती. शिक्षण होते, कारकुनीची नोकरी मिळत होती, पण पगार बेताचा असे आणि आजारपण, मुलीचे लग्न किंवा गावाकडचे देणे अचानक उभे राहिले की सावकाराखेरीज दार नसे. श्रीपाद सुब्बराव तलमकी यांनी २७ डिसेंबर १९०६ रोजी या कुटुंबांसाठी पतपेढी काढली आणि तिला आपल्या गुरुस्थानी असलेल्या श्यामराव विठ्ठल कायकिणी यांचे नाव दिले. पुढे तीच श्यामराव विठ्ठल सहकारी बँक झाली. कर्जापुरते थांबणे तलमकींच्या स्वभावात नसावे, कारण १९१५ मध्ये त्यांनीच गामदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. देशातली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था मानली जाते, आणि मुंबईकर आज ज्या सोसायटीच्या नावाने कधी अभिमानाने, तर कधी कपाळाला हात लावून बोलतात, त्या सोसायटीचे मूळ असे एका पतपेढीच्या शेजारी सापडते. ताडदेवची तलमकीवाडी त्यांचे नाव आजही सांगते.

लगेचच्या काही वर्षांत याच वाटेने इतरही संस्था आल्या. १९१७ मध्ये उत्तर कानडातील गौड सारस्वत मंडळींची एनकेजीएसबी (नॉर्थ कॅनरा गौड सारस्वत ब्राह्मण) ही सहकारी संस्था निघाली. १४ सप्टेंबर १९१८ रोजी जे. के. परुळकर, एन. बी. ठाकूर, पी. एन. वर्दे आणि शिवराम गोपाळ राजाध्यक्ष यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी बँकिंग सोसायटीची स्थापना झाली. घरातल्या अवलंबून असलेल्यांची लग्ने, औषधपाणी आणि जुन्या कर्जाची फेड यांसाठी सभासदांना तात्पुरते साह्य करावे, असा तिचा साधा उद्देश होता. ज्या वर्षी इन्फ्लुएंझाने मुंबईत घरेच्या घरे झोपवली, त्याच वर्षीची ही गोष्ट आहे, हे ध्यानात घेतले की ‘औषधपाणी’ या शब्दाचे वजन कळते. १९३३ मध्ये या सोसायटीची पूर्ण बँक झाली.

या बँकांचे कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करणे योग्य होणार नाही. ज्या समाजात पगारदार माणसे होती, त्याच समाजाला जामीनदार मिळाले आणि म्हणून बँकही मिळाली. पत माणसाच्या ओळखीवर ठरते, असे म्हटले की ते ऐकायला गोड वाटते; परंतु ज्याची ओळखच मुळी आपल्यासारख्या फाटक्या खिशाच्या माणसांशी होती, त्याच्यासाठी ओळख हीच भिंत होती.

(दृश्य : लालबाग, परळ. बंद गिरणीची चिमणी, तिच्यामागे नवा मनोरा.)

त्या भिंतीच्या पलीकडे गिरणगाव होते. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार एका गाळ्यात दहा-पंधरा जणांच्या सोबतीने राहत असे, खानावळीत जेवत असे आणि गावी मनिऑर्डर करत असे. महिनाअखेर वाण्याची उधारी चढे आणि मग सावकार गाठावा लागे. रुपयाला महिना एक आणा, म्हणजे सालीना ७५ टक्के, हा व्याजाचा सर्रास दर होता. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दरवाजाशी काठी घेऊन उभा असलेला पठाण सावकार ही गिरणगावातल्या जुन्या पिढीची कायमची आठवण आहे. भिशी हा त्यातल्या त्यात घरचा उपाय होता. पण भिशी ज्याचा नंबर लागेल त्याला मिळते, ज्याला गरज लागेल त्याला नव्हे.

कामगारांनी स्वतःची बँक काढण्याचा प्रयत्न इथे बऱ्याच उशिरा फळाला आला. १९६४ मध्ये याच कामगारवस्तीत अवघ्या ५,००० रुपयांच्या भागभांडवलावर अभ्युदय ही पतसंस्था सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी तिची बँक झाली. इथला जामीनदार ज्ञातीबांधव असण्याची गरज नव्हती. तो गिरणीच्या त्याच खात्यातला, त्याच पाळीतला सोबती असे. त्याच्या सहीला किंमत होती ती त्याच्या पगाराच्या चिठ्ठीमुळे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या ४९ व्या कलमाने सभासदाच्या लेखी संमतीने त्याच्या पगारातून हप्ता कापून थेट संस्थेकडे पाठवण्याची सोय केली होती. अशी वेतनकपात हा पगारदारांच्या पतसंस्थांचा कणा होता. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला आणि हा कणाच मोडला. पगारच नाही, तर कपात कशातून होणार? कर्जदार आणि त्याचे दोन्ही जामीनदार एकाच गिरणीचे, एकाच संपात; एकाची अडचण ती तिघांची अडचण. एकमेकांच्या जवळची माणसे एकाच वेळी बुडू शकतात, हा धडा कोणत्याही बँकिंगच्या पुस्तकापेक्षा गिरणगावाने अधिक स्पष्टपणे शिकवला.

ज्यांच्या हाती पगाराची चिठ्ठी कधीच नव्हती, त्या बायकांची कथा निराळी होती. घरच्या चुलीवर कामगारांचे डबे रांधणाऱ्या खानावळवाल्या स्त्रिया वाण्याच्या उधारीत कायम अडकलेल्या असत. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले आणि या स्त्रिया गटागटाने एकमेकींना जामीन राहिल्या. त्यांना कर्ज दिले ते मात्र राष्ट्रीयीकृत बँकेने. सहकाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरात असे घडावे, याची नोंद सहकारी चळवळीने थोडी खजील होऊन करायला हवी.

(दृश्य : भागपत्र, पासबुक, गाठी सुटलेले जुने खतावणीचे बाड.)

आता या बँकेच्या आतली रचना पाहू, कारण तिचे गुण आणि तिचे दुखणे एकाच ठिकाणी आहे. कर्ज घ्यायचे तर आधी सभासद व्हावे लागते आणि कर्जाच्या प्रमाणात बँकेचे भाग (शेअर) घ्यावे लागतात : विनातारण कर्जाला पाच टक्के, तारणी कर्जाला अडीच टक्के, असा दीर्घकाळ नियम होता. कोणाकडे एक भाग असो वा हजार, मत एकच. नफ्यातला चौथा हिस्सा राखीव निधीत जातो आणि राज्याच्या कायद्याखालील बँकेला १५ टक्क्यांहून अधिक लाभांश वाटता येत नाही. शंभर रुपयांचा भाग परत करताना बँक शंभरच देते. शेअर बाजारात त्याचा भाव वधारत नाही. भांडवलाला डोईजड होऊ द्यायचे नाही, ही या रचनेतली नीती आहे, आणि ती मला आजही आदर वाटावा इतकी स्वच्छ दिसते.

मात्र याच रचनेत एक फट राहिली. कर्जदाराला सभासद व्हावेच लागते, म्हणून त्याला मत असते. ठेवीदाराला सभासद होण्याची सक्ती नाही, म्हणून त्याला बहुधा मत नसते. ज्याचा पैसा बँकेत आहे तो सभेत नाही, आणि ज्याने बँकेचा पैसा नेला आहे तो संचालक निवडतो. बँक चारशे सभासदांची असते तेव्हा यातून फारसे बिघडत नाही, कारण ठेवीदार आणि कर्जदार ही एकाच घरातली माणसे असतात. शाखा शहरभर पसरल्या की ओळख मागे पडते आणि फट तेवढी उरते. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा लागू झाला खरा. पण निवडणुका आणि व्यवस्थापन सरकारच्या सहकार निबंधकाकडे, बँकिंग व्यवहार रिझर्व्ह बँकेकडे, अशा दुहेरी अंमलात पुढची पन्नास वर्षे गेली, आणि दोन घरच्या पाहुण्याचे जे होते तेच पुष्कळदा देखरेखीचे झाले.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईभर तिच्या शाखांबाहेर ठेवीदार जमले. सहा महिन्यांत मिळून १,००० रुपये काढता येतील, असा पहिला आदेश होता. बँकेची दोन तृतीयांशांहून अधिक कर्जे एकाच बांधकाम समूहाकडे गेली होती. एक साधा सभासद पन्नास हजारांसाठी दोन जामीनदार शोधत फिरतो, हे आठवले की या आकड्याची चीड अधिक येते. ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेवींवरील विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. एक लाखाची जुनी मर्यादा १९९३ पासून तशीच पडून होती. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावरही रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने अभ्युदय बँकेचे संचालक मंडळ बाजूला सारण्यात आले आणि तिथे प्रशासक नेमला गेला.

जॉर्ज फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९६८ मध्ये बॉम्बे लेबर को-ऑपरेटिव्ह बँक निघाली होती. तिचे पुढे न्यू इंडिया सहकारी बँक असे नामांतर झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावरही निर्बंध आले आणि तिजोरीतल्या १२२ कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा पोलिसांत नोंदवला गेला. ४ ऑगस्ट २०२५ रोजी ती सारस्वत बँकेत विलीन झाली. कामगारांच्या नावाने निघालेल्या बँकेच्या ठेवीदारांना शेवटी आसरा दिला तो एका ज्ञातीच्या नावाने निघालेल्या पतपेढीने. आणि त्या पतपेढीच्या दारात आता कोणी कोणाला जात विचारत नाही.

(दृश्य : सभागृह. खुर्च्या भरत आहेत. दाराशी हजेरीपटावर सह्या चालू आहेत.)

आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, म्हणजे सप्टेंबरअखेरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. गणपतीच्या आगेमागे शहरातली सभागृहे या सभांनी भरून जातात. अहवालाची पुस्तिका हाती पडली की बहुतेक सभासद आधी लाभांशाचा आकडा पाहतात. विषयपत्रिका भराभर पुढे सरकते, ‘मंजूर, मंजूर’ असे आवाज येत राहतात. मग मागच्या रांगेतून एखादे वयस्क गृहस्थ उठतात, चष्मा सारखा करतात, अहवालातले थकबाकीचे पान उघडतात आणि अध्यक्षांना विचारतात की या रकमेला तारण काय आहे आणि जामीन कोण आहे.