प्रदर्शन सुटतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो.

१७ ऑगस्ट १८९६. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात मोटारगाड्यांची प्रात्यक्षिकं चालली होती. या नव्या यंत्रातून एक फेरी मारून बघावी, एवढाच लोकांचा हेतू. तिथून आपल्या मुलीबरोबर चालत निघालेल्या ब्रिजेट ड्रिस्कॉल या बाईंना अशाच एका गाडीची धडक बसली आणि त्या गेल्या. ब्रिटनमध्ये मोटारीच्या धडकेत मृत्यू पावलेल्या पहिल्या पादचारी अशी त्यांची नोंद आहे. मदतनिधीसाठी कार शो भरवायचं ठरलं, की पहिल्या बैठकीत मी ही हकिगत सांगते. ती गाडी शर्यतीतली नव्हती, हौसेनं दाखवायला आणलेली होती.

आमच्या पहिल्या प्रदर्शनात आम्ही मोठी चूक केली. झळाळत्या गाड्या मैदानाच्या मधोमध आणि रस्ता सुरक्षेचा तंबू पार कोपऱ्यात. लोक गाड्यांभोवती जमले, तंबूत पत्रकं वाटणारे दोघं बसून राहिले. संध्याकाळी ती पत्रकं मैदानभर पडलेली होती. पुढच्या वेळी तंबूच काढून टाकला. प्रत्येक गाडीच्या मालकाला विनंती केली, की इंजिनाची ताकद जरूर सांगा, पण ही गाडी थांबते कशी आणि धडक झाली तर आतल्या माणसाला वाचवते कशी, तेही सांगा.

त्यानं सगळं बदललं. मालक मंडळी रंगून बोलायला लागली. मोटारगाडी तयार करणाऱ्या कार्ल बेंझ यांच्या पत्नी बर्था बेंझ १८८८ मध्ये त्या गाडीतून लांबच्या प्रवासाला निघाल्या, तेव्हा वाटेत ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजले आणि त्यांनी चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं, ही गोष्ट एकदा ऐकलेला मुलगा घरी जाऊन आपल्या गाडीचे ब्रेक कधी तपासले, असं विचारतो. तीन ठिकाणी बांधला जाणारा सीटबेल्ट निल्स बोहलिन यांनी व्होल्वोसाठी तयार केला, १९५९ मध्ये तो गाड्यांत आला आणि कंपनीनं त्याचं पेटंट इतरांनाही वापरू दिलं. जुन्या गाडीत बेल्टच नाही, शेजारच्या गाडीत आहे, हे एकाच रांगेत दिसलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

हमखास कानावर येणारं एक वाक्य म्हणजे, “जुन्या गाड्यांचा पत्रा बघा केवढा जाड! आताच्या गाड्या नुसते डबे.” हा समज तिथल्या तिथे दूर करायला हवा. पुढचा भाग ठरवून चेमटू द्यायचा आणि माणसं बसतात तो भाग भक्कम ठेवायचा, ही कल्पना बेला बारेनी या अभियंत्यांनी मांडली. गाडी चेमटते तेव्हा धक्का ती स्वतःवर घेते. ताठ राहिली, तर तो आतल्या माणसापर्यंत पोचतो.

आणखी एक साधन आहे, अगदी स्वस्त. दोरी. ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. दोन सेकंद मोबाइलकडे बघितलं, तर ३३ मीटर. तेवढी दोरी मैदानात अंथरायची आणि लोकांना तिच्या कडेनं चालायला लावायचं. ब्रेक लावल्यानंतरचं अंतर अजून पुढेच आहे, आणि वेग दुप्पट झाला की ते साधारण चौपट होतं. दोरीच्या टोकाशी पोचलेले लोक मागे वळून बघतात. ते वळून बघणं मला फार मोलाचं वाटतं.

व्यवस्थेचं थोडक्यात सांगते. पोलिसांची परवानगी, विमा, अग्निशामक नळकांडी, रुग्णवाहिका आणि तिच्यासाठी मोकळी वाट. गळकं तेल झेलायला जुन्या गाड्यांखाली ताटल्या. दारं उघडण्याआधी सगळ्या गाड्या जागेवर, आणि गर्दी असेपर्यंत एकही गाडी हलणार नाही. दारूच्या जाहिरातीचे पैसे मिळत असले तरी घेऊ नयेत. जमलेला निधी कोणाला जाणार हे तिकिटावरच छापा आणि हिशेब सर्वांसमोर मांडा.

चक्काचूर झालेली गाडी मध्यभागी ठेवावी, असं बऱ्याच आयोजकांना वाटतं. मी त्याला राजी नसते. त्या गाडीतून कोणीतरी गेलेलं असतं, आणि त्याचं माणूस कदाचित गर्दीत असतं. घरच्यांनी स्वतः होऊन संमती दिली, तरच. रस्त्यावर बळी गेलेल्यांच्या स्मरणाचा जागतिक दिवस नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी असतो. त्या सुमारास प्रदर्शन भरवलं, तर अशा कुटुंबांसाठी एक शांत कोपरा आणि मोजक्या खुर्च्या ठेवा. भाषण नको.

सगळ्यात जास्त माणसं मात्र प्रदर्शन सुटताना हवीत. दिवसभर कौतुक ऐकलेला तरुण चालक बाहेर पडतो, कडेला मित्र मोबाइल उंचावून उभे, आणि पाय आपोआप अ‍ॅक्सिलरेटरवर जातो. म्हणून आम्ही आता बाहेरच्या दाराशी दोर बांधतो. आधी पायी जाणारे सगळे बाहेर. मग एकेक गाडी. स्वयंसेवक खिडकीतून वाकून बघतो, पुढचे बेल्ट, मागचे बेल्ट, लहान मूल मांडीवर तर नाही ना. जुन्या गाडीत बेल्ट नसेल, तर तिला घाईच्या रस्त्यावर न सोडता वाहून न्यायच्या गाडीवर चढवतो. सगळं ठीक असलं, की तो हात वर करतो आणि दोर खाली येतो.