प्रसरणाचं गणित, कागद-पेन्सिलीनं

श्रोतेहो, नमस्कार. कागद-पेन्सिल हाताशी असेल तर घ्या. विश्व किती वेगानं प्रसरण पावतं हे ठरवणारं समीकरण शाळेतल्या भौतिकशास्त्रातून काढता येतं, तेही रेडिओ ऐकता ऐकता.

अवकाशात एक प्रचंड गोल कल्पा. त्रिज्या आर, आतल्या पदार्थाची घनता सगळीकडे सारखी, रो. गोलाच्या कडेला एक दीर्घिका आहे आणि ती केंद्रापासून दूर जातेय. दर किलोग्रॅममागे तिची गतिज ऊर्जा म्हणजे वेगाचा वर्ग भागिले दोन. तीतून जी, म्हणजे गुरुत्व स्थिरांक, गुणिले गोलाचं वस्तुमान भागिले आर एवढं वजा करा. ही वजाबाकी बदलत नाही. आता वस्तुमानाच्या जागी चार तृतीयांश पाय आर घन गुणिले रो लिहा, वेगाच्या जागी एच गुणिले आर; एच म्हणजे प्रसरणाचा दर, किती अंतरामागे किती वेग ते सांगणारा. दोननं गुणून आर वर्गानं भागलंत की उरतं: एच वर्ग बरोबर आठ पाय जी रो भागिले तीन, अधिक एक स्थिरांक भागिले आर वर्ग.

अलेक्झांडर फ्रीडमन यांनी 1922 मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धांतातून हेच समीकरण काढलं. तिथे तो स्थिरांक अवकाशाची वक्रता सांगतो. मोजमापांनुसार ती जवळजवळ शून्य आहे, तेव्हा ते पद खुशाल खोडा.

एचची आजची किंमत साधारण 70 धरू: दर मेगापार्सेकमागे सेकंदाला 70 किलोमीटर. मेगापार्सेक म्हणजे 32 लाख 60 हजार प्रकाशवर्षं. एक भागिले एच केलं की काळ मिळतो, विश्वाच्या वयाचा ढोबळ अंदाज, पण आधी मेगापार्सेकचे किलोमीटर करायला हवेत. विद्यार्थी नेमके इथेच अडखळतात. उत्तर येतं सुमारे 1400 कोटी वर्षं. 1929 मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांच्या मोजणीत एच 500च्या आसपास निघाला होता आणि विश्वाचं वय 200 कोटी वर्षं, म्हणजे पृथ्वीवरच्या खडकांहूनही कमी! समीकरण ठीक होतं, अंतरं चुकली होती: ज्यांच्या तेजाच्या चढउतारावरून अंतर काढतात त्या सेफीड ताऱ्यांचे दोन प्रकार एकच समजले गेले होते.

आता आपल्याकडचा आकडा. कोकणातल्या जांभ्याखालचा काळा कातळ सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याला 1400 कोटींनी भागा. तो लाव्हा थिजल्यापासून दूरच्या दीर्घिकांमधलं अंतर जेमतेम अर्धा टक्का वाढलंय. कातळ मात्र तसूभरही वाढलेला नाही. अणूंचे बंध त्याला धरून आहेत. सूर्यमाला आणि आपली आकाशगंगा गुरुत्वानं बांधलेल्या, त्याही फुगत नाहीत.

म्हणून वेग बरोबर एच गुणिले अंतर हा नियम जवळच्या दीर्घिकांना लावू नका. नोव्हेंबरात, चंद्र नसताना, किनाऱ्यावरच्या दिव्यांपासून लांब उभं राहिलं तर उत्तरेकडे उंचावर देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका दिसतो. अंतर 25 लाख प्रकाशवर्षं. सूत्रानं ती सेकंदाला पन्नासएक किलोमीटर वेगानं दूर जायला हवी. प्रत्यक्षात आपल्या आकाशगंगेच्या दिशेनं 110च्या वेगानं येतेय.

खरी गंमत रोमध्ये आहे. समीकरण उलटं सोडवलं तर आजची घनता निघते घनमीटरमागे साडेपाच हायड्रोजन अणूंएवढी. त्यात नेहमीचा पदार्थ फक्त 5 टक्के, न दिसणारं, फक्त गुरुत्वातून जाणवणारं कृष्णद्रव्य 27च्या आसपास, उरलेली प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जा. अंतरं दुप्पट झाली की पदार्थाची घनता आठपट घटते. प्रारणाची, म्हणजे प्रकाशाची, सोळापट, कारण फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, विरळ होतातच, शिवाय प्रत्येकाची तरंगलांबी ताणून ऊर्जा निम्मी होते. कृष्ण ऊर्जेची घनता, ती आइन्स्टाइनच्या वैश्विक स्थिरांकासारखी असेल तर, घटतच नाही. पदार्थाची घनता तिच्या दुपटीखाली उतरली तेव्हापासून प्रसरणाचा वेग मंदावायचा थांबून वाढू लागला. 1998 मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, निरीक्षणांतून हे उघड झालं.

आणि कागदावरचे ते 70? ती तडजोड आहे. वैश्विक पार्श्वप्रारणावरून, म्हणजे विश्वाच्या बाल्यावस्थेतून उरलेल्या प्रकाशावरून, एच येतो 67च्या आसपास, सेफीड आणि अतिनवताऱ्यांवरून 73. 67 घालून भागाकार केलात तर 1460 कोटी वर्षं येतात, 73 घालून 1340. दोन्ही गटांनी आपापल्या चुका पुन्हा पुन्हा तपासल्या आहेत. फरक अजून मिटलेला नाही.