शुक्रवारी प्रॉडक्शनला कोण टाकतं भो?

श्रोतेहो, नमस्कार.

१९ जुलै २०२४, शुक्रवार. आपल्या घड्याळात सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटं झाली होती. क्राउडस्ट्राइक नावाच्या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक छोटीशी फाइल जगभरच्या कॉम्प्युटरवर पाठवली, आणि बघता बघता विमानतळांवर, बँकांत, दवाखान्यांत स्क्रीन निळे पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या देशात प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, हे तुम्ही फोटोंत पाहिलं असेल. जळगावात, भुसावळात, अमळनेरात घरी बसून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांसाठी प्रोग्रामिंग करणारी बरीच पोरं आहेत. त्या दुपारी त्यांच्यातल्या एकाकडून मी ऐकलेलं पहिलं वाक्य हे होतं : ‘शुक्रवारी प्रॉडक्शनला कोण टाकतं भो?’ आणि मग सगळे हसले.

घरातल्या वडीलधाऱ्यांना हे हसणं खटकतं. एवढं नुकसान झालं आणि यांना हसू कसलं येतं, असं त्यांना वाटतं. नव्या तंत्रज्ञानाची चांगली बातमी आली तरी ही मंडळी नाकच मुरडतात, अशीही तक्रार असते. मी याच धंद्यातला आहे, आणि आज मला या हसण्याची बाजू मांडायची आहे. कारण त्या एका ओळीच्या विनोदात बहुतेक वेळा बातमीपेक्षा जास्त माहिती असते.

‘शुक्रवारी कोण टाकतं’ हेच घ्या. प्रॉडक्शन म्हणजे जिथे खरे लोक खरं काम करतात तो कॉम्प्युटर. तिथे शुक्रवारी बदल केला आणि बिघाड झाला, तर निस्तरायला शनिवार-रविवारी माणसं हाताशी नसतात. म्हणून शुक्रवारी बदल टाकायचा नाही, हा नियम. तो कुणी पुस्तकात वाचून शिकत नाही, रात्री जागून शिकतो. क्राउडस्ट्राइकने आपली चूक नंतर तपशीलवार सांगितली. त्यांच्या सॉफ्टवेअरच्या एका भागाला २१ रकाने अपेक्षित होते, दुसरा भाग २० च भरून देत होता. आधीच्या फायलींमध्ये एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं लिहिलेलं असायचं, त्यामुळे चाचण्यांत ही तफावत दिसलीच नाही. त्या दिवशीच्या फायलीने पहिल्यांदा एकविसावा रकाना खरोखर तपासायला सांगितलं. तिथे काहीच नव्हतं. हे सॉफ्टवेअर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतं, म्हणून एक प्रोग्राम बंद पडून भागलं नाही, आख्खा कॉम्प्युटर बसला. कंपनीने ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर बसलेले कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा सुरू होऊन पुन्हा पुन्हा पडत होते. मग बहुतेक ठिकाणी माणसाला एकेका मशीनपाशी जावं लागलं, मोजक्याच फायलींवर चालणाऱ्या ‘सेफ मोड’मध्ये ते सुरू करून ती फाइल हाताने पुसावी लागली.

हसणाऱ्यांना त्या क्षणी हा सगळा तपशील ठाऊक नव्हता. पण चूक क्षुल्लक असणार, चाचणी अर्धवट झाली असणार आणि निस्तरणं हातानेच करावं लागणार, हे तिन्ही त्यांना बातमी ऐकताच कळलं होतं. कंपन्यांच्या पत्रकात ‘तांत्रिक अडचण’ असं लिहून येतं. त्यातून सामान्य माणसाला काहीच कळत नाही. विनोदातून निदान कुठे बोट ठेवायचं ते कळतं.

तसाच दुसरा विनोद आहे : ‘काहीही बिघडो, शेवटी डीएनएसच निघणार.’ डीएनएस म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी व्यवस्था. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअॅप आणि फेसबुक सुमारे सहा तास बंद होतं. आपल्याकडे कितीतरी जणांनी रिचार्ज संपला असं समजून मोबाइल बंद-चालू करून पाहिला. मूळ चूक देखभालीच्या एका कमांडची होती, पण तिच्यामुळे फेसबुकचे डीएनएस सर्व्हर इंटरनेटला दिसेनासे झाले. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत अॅमेझॉनच्या सर्व्हरवर चालणारी असंख्य अॅप अडकली, तेव्हाही मुळाशी डीएनएसची एक रिकामी राहिलेली नोंद निघाली. दोन स्वयंचलित प्रक्रिया एकमेकींच्या आड आल्या होत्या.

आता सध्याची सगळ्यात मोठी बातमी, एआय. रोज कुणीतरी सांगतं की आता प्रोग्रामर लागणार नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रेय कार्पाथी यांनी ‘वाइब कोडिंग’ असा शब्द वापरला : काय हवं ते साध्या भाषेत सांगायचं, कोड यंत्र लिहील, आपण तो वाचायचाही नाही. यावर आमच्यातलं नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे : ‘गिऱ्हाइकाला नेमकं काय हवं ते सांगता यायला लागलं की आपली नोकरी गेली. म्हणजे आपण सुरक्षित आहोत.’

हे उत्तर खोचक वाटेल, पण ते शब्दश: खरं आहे, आणि ते मला रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या ओट्यावर पाहायला मिळालं. त्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअर हवं होतं. केळीच्या प्रत्येक प्रकाराचा भाव वेगळा : नवतीचा वेगळा, पिलबागेचा वेगळा, कांदेबागेचा वेगळा, वापसीचा, म्हणजे हलक्या मालाचा, वेगळा, वर फरक, वर वजनातली तूट. हे सगळं त्यांनी भराभर सांगितलं आणि आमच्यातल्या एका पोराने भराभर लिहून घेतलं. मग त्याने विचारलं, ‘काका, घड वापसीत कधी टाकायचा?’ काका म्हणाले, ‘ते तं हातात घेतलं की कळतं.’ पोरगं पेन्सिल तशीच धरून बसलं. पुढचा तासभर तो विचारत गेला : डाग किती, फणी केवढी, माल किती पिकला, गाडी उशिरा आली तर काय, शेतकऱ्याने नाही म्हटलं तर शेवटचा शब्द कुणाचा. काकांनी तीस-पस्तीस वर्षांत हे प्रश्न स्वत:लासुद्धा कधी विचारले नव्हते, आणि काही प्रश्नांवर तर त्यांनी मुलाला हाक मारून आत सल्ला घेतला.

तो तास म्हणजे प्रोग्रामिंग. त्यानंतर कोड कुणी टाइप केला, माणसाने की एआयने, याला माझ्या लेखी फार महत्त्व नाही. मी स्वत: एआय रोज वापरतो आणि त्याने कंटाळवाणं काम झपाट्याने होतं. पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते स्वत:च्या मनाने भरतं, आणि भरलेलं उत्तर दिसायला अगदी बरोबर दिसतं. १९५९ मध्ये कोबोल भाषा घडली, तेव्हाही इंग्रजीसारख्या वाक्यांत प्रोग्राम लिहिता येईल आणि साहेबालाही तो वाचता येईल, अशी आशा होती. कोबोल आजही बँकांमध्ये चालतं आणि ते सांभाळायला जाणकार माणसंच लागतात. ज्यांनी असं वचन आधीही ऐकलंय, ते हसणारच.

इथवर हसणं ठीक. पण एका बातमीवर मला कुणी हसलेलं चालत नाही. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात होरायझन नावाची हिशोबाची यंत्रणा आली. तिच्यातल्या दोषांमुळे खेड्यापाड्यांतल्या पोस्टांच्या हिशोबात तूट दिसू लागली. तूट दिसते म्हणजे पोस्ट चालवणाऱ्यानेच पैसे खाल्ले, असं धरलं गेलं. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक लोक चोरी, अफरातफर अशा आरोपांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांनी नसलेली तूट घर गहाण टाकून भरली. कॉम्प्युटर नीट चालतो असंच न्यायालयाने गृहीत धरावं, अशी तिथली कायद्याची रीत होती. अखेर २०२४ मध्ये संसदेने कायदा करून त्यातल्या बहुतेक शिक्षा रद्द केल्या. जी शंका प्रोग्रामर चहा पिताना सहज बोलून दाखवतो, ‘अरे, सॉफ्टवेअरचीच चूक असेल’, ती शंका त्या कोर्टांत पुरेशा ठामपणे उभी राहिली असती तर शेकडो संसार वाचले असते. म्हणून माझं म्हणणं आहे की ही शंका टपरीवर ठेवू नका. तिची जिथे गरज आहे तिथे ती मोठ्याने बोला.

आणि गरज आपल्याकडेच आहे. हवामानावर आधारित फळपीक विम्यात, केळीला थंडी लागली की ऊन लागलं, हे बागेत येऊन कुणी मोजत नाही. आपल्या महसूल मंडळाच्या हवामान केंद्रातलं तापमान ठरलेल्या मर्यादेबाहेर, ठरलेले दिवस सलग राहिलं का, त्यावर भरपाई ठरते. वादळ, गारपीट यांची पद्धत वेगळी. आता हा नियम आमच्यातल्या एखाद्या शंकेखोर मुलीपुढे ठेवा. ती लगेच विचारेल : मर्यादा ‘इतकी किंवा त्याहून जास्त’ आहे की ‘इतकीपेक्षा जास्त’? सलग दिवसांत मधल्या एका दिवशी केंद्राकडून नोंदच आली नाही तर साखळी तुटली म्हणायची का? ती रिकामी जागा शून्य धरली तर मे महिन्यात ऊन नव्हतं असा निकाल लागेल, आणि जानेवारीत बर्फ पडला असा. मी इथे कुणावर आरोप करत नाही. पण हे प्रश्न लेखी विचारता येतात आणि त्यांची लेखी उत्तरं मागता येतात. शेतकऱ्यांच्या प्रत्येक गटात आज कुणाचा ना कुणाचा पोरगा किंवा पोरगी कॉम्प्युटर शिकलेली आहे. बैठकीला तिला सोबत न्या.

हसण्याची एक वाईट बाजूही आहे, तीही सांगायला हवी. ‘हे असंच चालायचं’ म्हणून खांदे उडवायची सवय लागते. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या लक्षात आलं, की आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! दहातल्या नऊ जणांनी त्यावर एखादा विनोद करून पुढचं काम धरलं असतं. फ्रॉइंड यांनी मूळ शोधलं. एक्सझेड नावाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरवाट बसवली होती. ते सॉफ्टवेअर एकच माणूस फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळत होता. तो थकलेला असताना ‘जिया टॅन’ नाव घेतलेल्या कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ मदत करून त्याचा विश्वास मिळवला होता. ती चोरवाट सगळीकडे पसरली असती तर जगातल्या असंख्य सर्व्हरची किल्ली परक्या हातात गेली असती. नव्याने या धंद्यात येणाऱ्या आपल्या मुलांना मी हीच गोष्ट आधी सांगतो.

शेवटी एक तारीख लिहून घ्या : १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. पुष्कळ जुन्या यंत्रणा १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवतात, आणि त्यासाठी ठेवलेली जागा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ या आकड्याला भरते. पुढच्या सेकंदाला अशा यंत्राचं घड्याळ थेट १९०१ सालात जातं. यावर आमच्याकडे ‘तोवर आपण रिटायर’ असं म्हणून हसतात. नवे कॉम्प्युटर आणि मोबाइल बहुतांशी सुधारलेले आहेत. राहतात ती छोटी यंत्रं : मीटर, पंपाचे कंट्रोलर, शीतगृहातली तापमानाची यंत्रं. अशी यंत्रं एकदा बसवली की पंधरा-वीस वर्षं कुणी हलवत नाही. तेव्हा या हंगामात तुम्ही त्यातलं काही घेणार असाल, तर विकणाऱ्याला विचारा, याचं घड्याळ २०३८ च्या पुढे चालेल का, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.

नमस्कार.