जपानमध्ये जास्त माणसं का मरतात?

(दृश्य: सदाशिव पेठ, सकाळची वेळ. चौक, दूधवाला, भिंतीवरचे फ्लेक्स.)

सदाशिव पेठेतल्या कुठल्याही चौकात पाच मिनिटं उभं राहा. वाढदिवसाच्या फ्लेक्सला खेटून आणखी एक फ्लेक्स हमखास दिसेल. भावपूर्ण श्रद्धांजली. टोपीतले आजोबा, नाहीतर नऊवारीतल्या आजी. वय ब्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी, एक्क्याण्णव.

(दृश्य: हिंजवडी. उंच इमारती, लिफ्टमधला सूचनाफलक.)

आता हिंजवडीला या. पोचायला वेळ लागेल, पण या. इथल्या लिफ्टमध्ये काय चिकटवलंय? पोहण्याच्या तलावाची वेळ, पाळणाघराची जाहिरात, स्कूलबसचा नवा थांबा. श्रद्धांजलीचा कागद वर्षाकाठी एखादा.

यावरून कुणी म्हणालं की हिंजवडीचं हवापाणी पेठेपेक्षा चांगलं, तर पेठेतले आजोबा काठी उगारतील. आणि फेज थ्रीच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलेला मुलगाही हसेल. हिंजवडीत मरणं कमी, कारण तिथं म्हातारी माणसंच कमी. एवढं कुणालाही कळतं. पण पेठेच्या जागी देशाचं नाव आलं आणि आकडा तक्त्यात बसला, की भले भले फसतात.

(दृश्य: जगाचा नकाशा. जपान, भारत, कतार उजळतात.)

जपानची लोकसंख्या साधारण १२.४ कोटी. २०२३ साली तिथं पावणेसोळा लाखांच्या आसपास माणसं गेली. म्हणजे हजारी बारा-तेरा. भारतात हाच आकडा सहा-साडेसहा. आणि कतारमध्ये? हजारी एक, फार तर थोडं वर.

मग भारत जपानच्या दुप्पट निरोगी म्हणायचा का? आणि कतारमध्ये काय अमृत वाटतात?

या आकड्याला ढोबळ मृत्युदर म्हणतात. नाव ठेवणारा प्रामाणिक होता, ढोबळ आहे हे त्यानं नावातच सांगून टाकलं. जपानमध्ये दर शंभरातली २९ माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. भारतात जेमतेम ७. जपान म्हणजे सदाशिव पेठ. आणि कतार म्हणजे हिंजवडी, त्यातही जरा टोकाची. तिथल्या दर चार माणसांत जवळपास तीन पुरुष. नेपाळ, बांगलादेश, केरळमधून कामाला गेलेले, पंचविशी-तिशीतले, वैद्यकीय तपासणीत पास झालेले. वय झालं की ते गावी परततात, आणि त्यांचं मरण नेपाळच्या नाहीतर केरळच्या वहीत लागतं.

यावर अभ्यासकांचा तोडगा तसा सोपा आहे. प्रत्येक वयोगटाचा मृत्युदर वेगळा काढायचा, आणि सगळ्या देशांची वयरचना एकसारखी असती तर काय झालं असतं, याचा हिशेब मांडायचा. तेवढीच मुलं, तेवढेच तरुण, तेवढेच म्हातारे. हा वयप्रमाणित मृत्युदर. तो काढला की जपान लगेच चांगल्या देशांच्या रांगेत जाऊन बसतो, आणि भारताला त्याच्या बराच मागे उभं राहावं लागतं.

(दृश्य: कोथरूड, कर्वे पुतळा, वाहनांची गर्दी.)

कर्वे पुतळ्यापाशी सिग्नल मोठा आहे, तोवर दुसरी गंमत ऐका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीयांचं सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्याही खाली होतं. आणि महर्षी धोंडो केशव कर्वे जगले १०४ वर्षं, १८५८ ते १९६२.

आपण समजतो, तेव्हा माणसं पंचविशीत म्हातारी होऊन मरायची. तसं नव्हतं. दहा भावंडांचं एक घर धरा. चार तान्हेपणीच गेली, उरलेली सहा साठीपर्यंत जगली. सरासरी किती? छत्तीस. आणि त्या घरात छत्तिसाव्या वर्षी कुणीच गेलेलं नाही.

तरुणपणीही माणसं जात होतीच. कर्व्यांच्याच पिढीतले आगरकर १८९५ साली गेले, वयाची चाळिशीही न गाठता. कर्व्यांच्या पहिल्या पत्नी राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. सरासरीत हे सगळे एकाच पोत्यात येतात.

स्वातंत्र्याच्या सुमारास भारताचं आयुर्मान ३२ च्या आसपास होतं. आज ते ७२ च्या घरात आहे. हे ऐकून वाटतं, म्हातारपण चाळीस वर्षांनी लांबलं. यातला मोठा वाटा पाळण्यातली मुलं वाचली, त्याचा आहे.

आणि ‘भारताचा आकडा’ तरी एक कुठं आहे? २०२० च्या नमुना नोंदणीत हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं देशात २८, मध्य प्रदेशात ४३, महाराष्ट्रात १६, केरळात ६. अमेरिकेचा त्या वर्षीचा आकडा पाच-साडेपाच. मला विचाराल तर या तक्त्यात केरळ आणि अमेरिका शेजारी बसवावेत, आणि मध्य प्रदेश व केरळ यांच्यामध्ये आंतरराष्ट्रीय सीमा आखावी.

(दृश्य: शिरूर तालुका. शेत, कारखान्याची भिंत, दारात बसलेल्या बाई, समोर टॅब घेतलेली मुलगी.)

पण मुळात मोजतं कोण?

सोव्हिएत संघात अठ्ठावीस आठवड्यांआधी जन्मलेलं, किंवा किलोभराच्या आतलं बाळ सात दिवसांत गेलं, तर ते जिवंत जन्मलं असंच धरत नसत. आकडा आपोआप सुधारायचा. नायजेरियात शेवटची जनगणना झाली २००६ साली. आपली २०११ साली. पुढची १ मार्च २०२७ ही तारीख धरून व्हायची आहे, तोवर आपल्या लोकसंख्येचा कुठलाही ताजा आकडा म्हणजे अंदाज. आणि शिस्तीच्या जपानमध्ये २०१० साली उघडकीला आलं की कुटुंबांच्या नोंदवह्यांत शंभरी ओलांडलेली दोन लाखांहून जास्त माणसं कागदावर जिवंत आहेत, पण त्यांचा पत्ता कुणालाच माहीत नाही. (आयुर्मान त्या वह्यांवरून काढत नाहीत, म्हणून अब्रू वाचली.)

माणूस कशानं गेला, हा तर त्याहून अवघड प्रश्न. २०२० साली भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम शेकडा बावीस-तेवीस मृत्यूंना डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं कारण होतं. बाकीचे नुसतेच गेले.

म्हणून पुण्याजवळ वढूच्या परिसरात जे चालतं ते बघण्यासारखं आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राची माणसं २००२ पासून इथल्या बावीस गावांत घरोघरी फिरतात. कोण जन्मलं, कोण गेलं, कोण कामासाठी नव्यानं राहायला आलं. घरात मृत्यू झाला असेल, तर शेजारी बसून विचारतात. ताप होता का? किती दिवस? छातीत कळ आली होती? पाय सुजले होते? सुनेला एक आठवतं, मुलाला दुसरं. या प्रश्नोत्तरांना व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात. आजाराचा जागतिक नकाशा आपण रंगीत पडद्यावर बघतो, त्यातले कितीतरी रंग अशाच ओट्यावरच्या गप्पांतून आलेले असतात.

(दृश्य: पुन्हा हिंजवडी, संध्याकाळ. बागेत झोके, बाकावर दोन आज्या.)

कतारमधला मजूर व्हिसा संपला की परत जातो. हिंजवडीतल्या जोडप्यानं मात्र वीस वर्षांचं गृहकर्ज काढलंय. ते कुठं जात नाहीत. महाराष्ट्राचा जननदर, म्हणजे एका बाईला सरासरी होणारी मुलं, २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आला होता. लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. दक्षिण कोरियात २०२३ साली तो ०.७२ होता.

पेठेत महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत. सकाळी पेपर, दुपारी कॅरम. या सोसायटीत त्यासाठी खोली ठेवलेली नाही. तळमजल्यावर पाळणाघर आहे, ती जागा मोठी आहे, उजेड चांगला येतो, आणि दाराशी उतार आहे. बाबागाडीसाठी केला होता. चाकांची खुर्चीही जाईल.