कूस खरंच बदलली की नुसता चार्ट भरला?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आलाय: आईला किंवा वडिलांना केअर होममध्ये ठेवायचंय, तिथली काळजी नीट आहे हे ओळखायचं कसं?

वरवरचं आधी पटकन सांगते. संडास-बाथरूममध्ये धरायला दांडे, कोरडी फरशी, पलंगाच्या चाकांना लावलेले ब्रेक, झोपल्या जागेवरून हात पोचेल अशी बेल, औषधं कुलपात आणि प्रत्येकाच्या नावाने वेगळी. एवढं तुम्ही बघताच. फक्त कठड्यांबद्दल एक गोष्ट. पलंगाचे कठडे वर केले की आजोबा सुरक्षित, हा समज सोडा. गोंधळलेला माणूस कठडा ओलांडायला जातो आणि जास्त उंचीवरून पडतो, नाहीतर गादी आणि कठड्याच्या फटीत अडकतो. पलंग अगदी खालपर्यंत उतरवता येतो का, ते विचारा.

आता मुद्द्यावर येते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी कशी चाललीय, हे त्याच्या पाठीवर आणि टाचांवर दिसतं. बेडसोर. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथलं रक्त अडतं, आतला भाग मरायला लागतो. म्हणून कूस बदलायची. "दर दोन तासांनी बदलतो" असं सगळीकडे सांगतात. पण कशी बदलता, हे फार कमी जण विचारतात, आणि गडबड तिथेच होते.

नीट बघा. (मोठी उशी दाखवत) पलंगाचं डोकं आधी सपाट करायचं. दोघांनी दोन बाजूंना उभं राहायचं, आजींच्या अंगाखालची आडवी चादर धरायची आणि उचलून सरकवायचं. ओढायचं नाही. ओढलं की कातडी चादरीला चिकटून राहते, हाड पुढे सरकतं आणि मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणून तुटतात. मग पाठीमागे खांद्यापासून कमरेपर्यंत उशी, आणि अंग साधारण 30 अंशच कलतं ठेवायचं. पूर्ण 90 अंशाच्या कुशीवर निजवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणजे एक जागा वाचवताना दुसरी जाते. गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. पोटऱ्यांखाली लांब उशी, टाचा हवेत, गुडघे किंचित वाकलेले. शेवटी माकडहाडाखाली हात घालून बघायचं. हात मोकळा सरकला तर कूस बदलली. अडकला तर उशी लावली, पण भार तिथेच राहिला.

हे शेवटचं हात घालून बघणं बहुतेक ठिकाणी होतच नाही. उशी लावलेली दिसते, बाहेरून सगळं छान वाटतं, आणि आजी त्याच हाडावर आणखी दोन तास पडून असतात.

आता चार्ट, म्हणजे कूस कधी बदलली त्याच्या नोंदींचा कागद. मला मनापासून राग येतो तो याचा. 2, 4, 6, 8, सगळे आकडे गोल, सगळ्या नोंदी एकाच अक्षरात, एकाच शाईत, सही एकाच झटक्यात. दहा माणसांची कूस एकाच मिनिटाला कशी बदलेल? खरा चार्ट जरा विस्कळीत असतो. 4:10, डावी कूस, टाचा ठीक. 6:25, उजवी, माकडहाडापाशी लाली. 8:15, नको म्हणाल्या, अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं. कूस कोणती, कातडी कशी होती, नोंद कोणी केली, हे तीन रकाने नसतील तर तो चार्ट काहीच सांगत नाही. चार्ट वाचल्यावर लगेच खोलीत जा. चार्टवर "डावी कूस" लिहिलंय आणि आजी उताण्या आहेत का, बघा.

तिसरी बाजू रात्रीची. साधा हिशेब करा. 12 जण अंथरुणाला खिळलेले आहेत, एकाची कूस नीट बदलायला दोन माणसं आणि 5 मिनिटं लागतात. म्हणजे एका फेरीला तासभर. दर दोन तासांनी फेरी असेल तर दोघांची निम्मी रात्र त्यातच जाते. वर डायपर बदलणं, कोणाला पाणी, कोणाला संडासला नेणं. रात्री एकच माणूस असेल आणि चार्ट तरी पूर्ण भरलेला असेल, तर तो चार्ट खरा असूच शकत नाही. त्या एकट्या मावशींवर चिडू नका. रात्री किती माणसं ठेवली जातात, हे मालकाला विचारा.

एका ताईंनी विचारलंय, दोन तासांनी उठवलं तर बाबांची झोप मोडते. बरोबर आहे. दोन तास हा सुरुवातीचा आकडा. जाड, चांगल्या फोमच्या गादीवर काही जणांना जास्त अंतर चालतं. पण ते कातडी बघून ठरवायचं आणि काळजीच्या आराखड्यात लिहायचं. खुर्चीत बसलेल्यांचं मात्र उलट आहे. बसल्यावर दाब जास्त असतो, म्हणून तासाभराने जागा हलवायला हवी.

दुसरा प्रश्न एअर मॅट्रेसचा. ती घेतली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. गादीखाली तळहात वर करून हात सरकवा. अंगाचं हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे. आणि तिच्यावर दोन चादरी, प्लास्टिक आणि जाड पॅड घातलं की तिचा उपयोग घटतो.

मधोमध भोक असलेली गोल रिंग नको, तिच्या कडेने गोलाकार दाब पडतो. टाचेखाली पाण्याने भरलेले ग्लोव्ज नकोत. लाल झालेल्या जागेवर चोळू नका, आतल्या इजा झालेल्या भागाला आणखी मार बसतो.

आत घेताना कोणाला धोका किती आहे, हे मोजलं का, तेही विचारा. त्यासाठी ब्रेडन मापनपट्टी आहे, 1987 पासून वापरात. संवेदना, ओलावा, चालणं-फिरणं, अंथरुणात हलणं, खाणं आणि घर्षण, अशा सहा गोष्टींचे गुण मिळून 6 ते 23. 18 किंवा कमी म्हणजे धोका. गुण काढून कागद फाईलमध्ये लावला आणि पुढे काहीच बदललं नाही, असंही होतं. म्हणून विचारा, "गुण कमी आले, मग काय केलंत?" वजनही दर महिन्याला हवं. 50 किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो उतरलं तर ते 5 टक्के झालं, तेवढं दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

आता भेटीला गेल्यावर स्वतः काय बघायचं. अंघोळीची वेळ निवडा आणि आजींना विचारूनच पाठ बघा. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, डोक्याची मागची बाजू, ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागे. लाल जागा बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय, पण भार लगेच काढा. लालच राहिली तर ती बेडसोरची पहिली पायरी आहे, कातडी फाटलेली नसली तरी. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून "काही नाही" म्हणून पुढे जाऊ नका. शेजारच्या जागेशी ताडून बघा: जास्त गरम की गार, कडक की पिचपिचीत, हात लावल्यावर आजी कण्हतात का.

असं काही सापडलं तर तारीख, जागा आणि सेंटिमीटरमध्ये माप लिहायला लावा, त्या कुशीवर निजवणं बंद, आणि पुढच्या फेरीला पुन्हा बघा. कातडी अखंड आहे पण डाग जांभळा किंवा काळपट दिसतोय, तर थांबू नका. आतला भाग आधीच मेलेला असू शकतो, आणि असा लहानसा डाग काही दिवसांत खोल जखम होऊन उघडतो. जांभळा डाग, वास, पू किंवा ताप, यातलं काहीही असलं तर डॉक्टर त्याच दिवशी.