आतल्या टायरची हवा

(कळंबोलीत ट्रान्सपोर्ट व्यवसायातल्या मंडळींसमोर झालेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मंडळी, विषय ठरलाय ‘ट्रेलरला रुंद सिंगल टायर की डबल टायर’. डबल म्हणजे ॲक्सलच्या, चाकांच्या आसाच्या, एकेका टोकाला दोन टायरांची जोडी, एक आत, एक बाहेर. या विषयावर बोलणारच आहे, आकडेही आणलेत. पण आधी एक विचारतो. आज सकाळी ज्यांच्या गाड्या यार्डातून निघाल्या, त्यांच्यापैकी किती जणांनी आतल्या टायरला हवा मोजायचं गेज लावलं? हात वर करा. तीन. काका, तुमचा हात अर्धाच वर आलाय. टॉमीचा लोखंडी दांडा मारून आवाजावरून बघितलेलं मी धरत नाही! (हशा)

म्हणजे तीनच. मला खरं तर याच्याबद्दलच बोलायचंय.

1994 सालचा मे महिना. मी काकांच्या पंक्चरच्या दुकानात हेल्पर होतो. न्हावा-शेवा बंदर सुरू होऊन पाच वर्षं झाली होती. सगळे टायर नायलॉनचे, 10.00-20 मापाचे, आत ट्यूब, फ्लॅप आणि रिंगवाली डिस्क, म्हणजे टायर बसवायचं लोखंडी चाक. तरुण मंडळींनी ती रिंग बघितली नसेल. हवा भरताना ती नीट बसली नाही तर उडायची, म्हणून काका समोर उभं राहू द्यायचे नाहीत, बाजूला व्हायला लावायचे. असो.

एक ट्रेलर पहाटे हवा मारायला आला. कंटेनर भरलेला, गेट बंद व्हायच्या आत बंदरावर पोचायचं होतं. बाहेरच्या टायरांना पाइप लावून मी हवा मारली. आतल्याचा वॉल्व्ह डिस्कच्या भोकातून, गुडघ्यावर बसून, हात कोपरापर्यंत घालून शोधावा लागतो. वर ब्रेकचा ड्रम तापलेला. मी आतल्या टायरांवर टॉमी हाणली, आवाज टणक आला, ‘ठीक आहे’ म्हणालो. गाडी गेली.

टॉमीच्या आवाजावरून टायर पूर्ण बसलाय की नाही एवढं कळतं. हवेचा दाब 110 पीएसआय आहे की 70, हे कुणाच्या बापाला कळत नाही. डोळ्यांनाही दिसत नाही, कारण जोडीतला बाहेरचा टायर डिस्क उचलून धरतो. आतला अर्धा रिकामा असला तरी दबलेला दिसत नाही. एकटा टायर बसला की लांबून दिसतो, जोडीतला आजार लपवतो.

बंदराच्या वाटेवर, गव्हाण फाट्याच्या अलीकडे, धूर निघाला. निरोप आला तसे काका आणि मी टेम्पोने पळालो. आतला बसलेला, दोन टायरांचे साइडवॉल एकमेकांना घासतायत, आणि बाहेरचा दोघांचं वजन एकटा ओढतोय. ड्रायव्हरने प्यायच्या पाण्याचा कॅन ओतून आग विझवली होती. आम्ही जॅक लावतोय तोवर, वीसेक मिनिटांनी, ती पुन्हा पेटली. रबर आतून धगधगत असतं, वरून विझलेलं दिसतं. शेवटी रस्त्याकडेची माती टाकून विझवली. कंटेनर वाचला. दोन टायर, दोन ट्यूब आणि एका बाजूचे ब्रेक लायनर गेले.

पुढचं अजून डोक्यातून जात नाही. मालकाने त्या दोन टायरांचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापले. एकदम नाही, दर महिन्याला थोडे, दिवाळी उलटून गेली तरी चालूच. ‘गाडी तुझ्या ताब्यात, टायर तुझी जबाबदारी.’ त्या माणसाकडे गेज नव्हतं, आतला वॉल्व्ह हाताशी आणणारी एक्स्टेन्शनची नळी नव्हती. हवा ‘बघितली’ होती मी, आणि त्या दिवशी मी गप्प बसलो. तो दर फेरीला दुकानावर चहा प्यायला यायचा. मला कधी एक शब्द बोलला नाही. मंडळी, टायर फाटला की ड्रायव्हरचा पगार कापायची ही पद्धत आजही चालू आहे. यातले काही मालक ओळखीचे आहेत, म्हणून तोंडावर सांगतो: जो टायर तुम्ही त्याला बघू देत नाही, त्याचे पैसे त्याच्याकडून घेऊ नका.

आणखी एक दाखवतो. टायरच्या अंगावर 146/143 असा आकडा असतो. पहिला आकडा टायर एकटा असताना किती वजन पेलतो त्याचा, दुसरा जोडीत असताना. 146 म्हणजे 3000 किलो, 143 म्हणजे 2725. तोच टायर जोडीत गेला की त्याची ताकद कमी धरतात, कारण दोघांवर वजन कधीच सारखं पडत नाही. रस्ता मध्ये उंच, एक टायर नवा, एक झिजलेला. म्हणून जोडी लावताना दोन्ही टायरांची उंची मोजा, 6 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. आणि चार टायरांच्या ॲक्सलला 2018 च्या जुलैपासून 10.2 ऐवजी 11.5 टन चालतात. चार गुणिले 2725 किती? 10,900. म्हणजे कायद्याने भरलात तरी टायर कमी पडतो. 149/146 घेतलात तर चार गुणिले 3000, 12 टन होतात. टायर घेताना हा आकडा वाचणारे किती...

चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं. बरं, मूळ मुद्दा भराभर सांगतो.

रुंद सिंगल म्हणजे दोन टायरांच्या जागी एक. अमेरिकेत ड्राइव्ह ॲक्सलला आणि ट्रेलरला 445/50 आर 22.5 लावतात, युरोपात ट्रेलरला 385/65 आर 22.5. फायदा कुठून येतो? टायर फिरताना त्याचा साइडवॉल वाकतो, तापतो, त्यात डिझेल जातं. जोडीत चार साइडवॉल, सिंगलमध्ये दोन. डिस्कही एकच, म्हणून वजन घटतं. अमेरिकेत पूर्ण गाडीची मर्यादा साधारण 36 टन, तिथे टँकरवाल्याला प्रत्येक वाचलेल्या किलोमागे माल भरता येतो. आपल्याकडे इथून स्टीलची कॉइल नेणाऱ्याला ते लागू पडेल. कपड्यांचा कंटेनर नेणाऱ्याला नाही, त्याची आधी जागा संपते. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा फायदा: वॉल्व्ह एकच, समोर, उभ्या उभ्या गेज लागतं.

आता दुसरी बाजू. 385 च्या त्या टायरवर 160 चा आकडा, म्हणजे 4500 किलो. तीन ॲक्सलचे सहा टायर, 27 टन. आपल्या ट्राय-ॲक्सलची मर्यादाही 27 टनच. वर काही उरत नाही. दोन टन जास्त भरायची सवय असलेल्याने हा टायर लावूच नये. जोडीतला एक गेला तर हळू हळू गाडी सुरक्षित जागी तरी नेता येते. सिंगल फुटला की बोरघाटात आहात तिथेच उभे. स्टेपनीही तीच लागते, आणि महाडला रात्री अकरा वाजता ती कोण देणार? झिजलेल्या टायरला नवा थर चढवणारा, रिमोल्ड करणाराही सहज सापडत नाही. पावसाळ्यात उरण रस्त्याच्या खड्ड्यांत साइडवॉल कापला गेला तर एका फटक्यात महागडा टायर जातो. शिवाय आपल्याकडे ॲक्सलची मर्यादा टायरांच्या संख्येवर ठरते. दोन टायरांच्या ॲक्सलला चारच्या ॲक्सलपेक्षा कमी. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीत बदल करण्याआधी आरटीओत लेखी विचारा.

माझं मत? लांब रूटच्या गाड्यांना आज डबलच ठेवा. बंदर ते तळोजा अशा ठरलेल्या फेऱ्या, स्वतःचं यार्ड आणि वजनकाट्याची शिस्त असेल, त्यांनी परवानगी काढून एका ट्रेलरवर सिंगल लावून वर्षभर हिशेब ठेवावा. आणि डबल ठेवणाऱ्याने आतल्या वॉल्व्हला एक्स्टेन्शन लावावं. 120 भरायची असेल आणि गेज 96 च्या खाली दाखवत असेल तर तो टायर पंक्चरच समजा. नुसती हवा मारून पाठवू नका, खोलून बघा.

वेळ संपली. बाहेर एक ट्रेलर उभा केलाय, दोन गेज आणलेत. चहा घेऊन तिकडेच या. आणि ड्रायव्हर मंडळींनो, तुम्ही आधी या, आतला वॉल्व्ह तुमच्या हाताने शोधून बघा.